साठ-चाळीसची बस

मोशीजवळ इंद्रायणीचा पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द संपते. भोसरीहून राजगुरुनगरला निघालेली पीएमपीची बस मात्र चिंबळी, कुरुळी, आळंदी फाटा करत पुढे जाते आणि चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरच्या रांगेत अडकते. या बसचे मालक दोन, आणि चाकण त्या दोघांपैकी कुणाच्याच हद्दीत नाही.

पुण्याची पीएमटी 1950 ची, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी 1974 ची. 2007 मध्ये दोन्ही विलीन होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे पीएमपी, उभे राहिले. पुण्याचा वाटा 60 टक्के, पिंपरी-चिंचवडचा 40. तिकिटातून भागत नाही ती संचलन तूटही याच प्रमाणात दोघांनी भरायची. दोन्हीकडचे महापौर आणि आयुक्त एकाच संचालक मंडळात बसतात. आपापली बस सोडून दोन महापालिका एका संस्थेत आल्या, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

पुढे तिसरा भागीदार आला, ठेकेदार. ताफ्यातल्या बऱ्याच बस आता त्याच्या आहेत. फेब्रुवारी 2019 पासून धावणाऱ्या ई-बसही याच पद्धतीच्या. बस आणि चालक ठेकेदाराचा, वाहक पीएमपीचा. ठेकेदाराला पैसे मिळतात धावलेल्या किलोमीटरवर. बस बंद पडली, फेरी चुकली तर दंड. मार्गावर किती बस आल्या, किती ब्रेकडाऊन झाले, किलोमीटरमागे उत्पन्न किती, यावर सगळ्यांचे काम जोखले जाते. ही साखळी पैशांवर चालते. मार्च 2023 मध्ये थकलेल्या बिलांपायी ठेकेदारांनी बस उभ्या केल्या, तेव्हा थांब्यावरच्या माणसाला साठ-चाळीसचा हिशेब ठाऊक नव्हता. त्याची बस आली नाही, एवढेच त्याला कळले.

या सगळ्या मोजमापात चाकण बसत नाही. गावाला नगरपरिषद मिळाली ती 2015 च्या सुमारास, पण चाकण औद्योगिक पट्ट्यातले कारखाने बहुतांश तिच्या हद्दीबाहेर, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी अशा ग्रामपंचायतींच्या शिवारात. औद्योगिक क्षेत्रातले रस्ते एमआयडीसीचे, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, प्रादेशिक नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, म्हणजे पीएमआरडीएचे. कायम कामगाराला कंपनीची बस असते. कंत्राटी पोरगा दुसरी पाळी सुटल्यावर रात्री सहा आसनी रिक्षात दाटीवाटीने बसतो, नाहीतर महामार्गाच्या कडेने चालत खोली गाठतो. किलोमीटरमागच्या उत्पन्नाच्या आकड्यात त्याची वाट पाहणे कुठेच दिसत नाही.

ग्रामीण मार्गांची परवडही इथूनच सुरू होते. 2021-22 च्या एसटी संपात पीएमपीने हद्दीबाहेर फेऱ्या वाढवल्या. एसटी रुळावर आल्यावर त्यातले कितीतरी मार्ग बंद झाले. तूट भरणाऱ्या महापालिकांना दुसऱ्याच्या गावासाठी पैसे घालणे जड जाते, आणि तसे वाटणे गैरही नाही. तुटीत पीएमआरडीएने वाटा उचलावा ही मागणी म्हणूनच रास्त आहे. जून 2025 मध्ये तिकीट वाढले, पहिल्या टप्प्याचे पाचाचे दहा झाले. चाकणच्या प्रवाशानेही ते निमूट भरले; मंडळात त्याच्या बाजूने बोलणारे मात्र कुणी नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पहाटेच चाकणची कोंडी पाहिली आणि इथे स्वतंत्र महापालिका करावी लागेल असे सांगितले. महापालिका होईल तेव्हा होईल. तोवर पीएमआरडीए, एमआयडीसी आणि कारखान्यांनी एकत्र बसून तुटीतला आपला हिस्सा लिहून द्यावा, आणि त्या बदल्यात पीएमपीकडून एकच गोष्ट मागावी: पाळी सुटण्याच्या वेळी निघोजे, महाळुंगे आणि खराबवाडीच्या फाट्यावर बस उभी हवी. दर महिन्याला मोजायचेही तेवढेच, पाळी सुटल्यापासून किती मिनिटांत बस हलली.