बादली गोल बुडाची

रेल्वे स्टेशनवर आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्यांचं बूड गोल असतं. सपाट बुडाची बादली चार दिवसांत कुणाच्या तरी मोरीत जाऊन बसेल. गोल बुडाची बादली खाली ठेवली की कलंडते, घरी तिचा काही उपयोग नाही. म्हणून ती आकड्यालाच राहते आणि वेळेला वाळूसकट हाताला लागते. एवढं माहीत असलं की मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरची बादली करताना हात आपोआप वेगळा चालतो.

माझं काम १:८७ मापातलं, म्हणजे एचओ. खरी बादली फूटभर उंच धरली तर माझी साडेतीन मिलिमीटर. कबाबला लावतात ती बांबूची काडी तीन मिलिमीटर जाडीची मिळते. ती छोट्या ड्रिलमध्ये अडकवायची, मशीन सावकाश फिरवायचं आणि टोकाला पॉलिश पेपर धरायचा, आधी जाडा, मग बारीक. टोक निमुळतं झालं की अगदी शेवटी कागद बोटाने वळवून गोलवा द्यायचा. मग ब्लेडने तेवढा तुकडा कापून घ्यायचा. तो बहुतेक वेळा उडतो, म्हणून काडी प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून कापलेली बरी. आतून पोखरायची गरज नाही, कारण बादलीत वाळूच असते. वरच्या बाजूला फेव्हिकॉलचा थेंब आणि त्यावर चिमूटभर बारीक माती. कडीसाठी लवचिक वायरीतला तांब्याचा एक धागा पुरतो. तो साधारण ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या कडीच्या हिशेबाने दुप्पट जाड, पण लाल रंग चढला की खपून जातो. रंग मात्र डब्यातला तसाच लावायचा नाही. सोलापूरकडच्या उन्हात दोन उन्हाळे काढलेली बादली गुलबट पडते, तेव्हा लालात थोडा पांढरा, किंचित तपकिरी. 'फायर' ही अक्षरं या मापात लिहिता येत नाहीत; पांढऱ्या रंगाच्या बारीकशा चार रेघा मारल्या की डोळा स्वतःच वाचून घेतो.

सोलापूरकडचं ऊन म्हणालो, कारण माझं स्टेशन बार्शी लाइटचं आहे. चार फूट बाय एक फूट प्लायवूडवर बसलेलं, नाव निंबेवाडी. नाव काल्पनिक, लाइन खरी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ही लाइन उभी केली. १८९७ मध्ये बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डूवाडीहून, बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन नको हा कॅलथ्रॉपचा हिशेब. १९५४ मध्ये सरकारने लाइन ताब्यात घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकात तिचा एकेक टप्पा ब्रॉडगेज होत गेला आणि छोटे रूळ उखडले गेले.

ही लाइन निवडण्यात जिव्हाळा आहेच, पण त्याहून जास्त गणित आहे. एचओ मापाचे तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या गेजसाठी केलेले. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये १९.३ भरायला हवं. म्हणून दुकानातल्या रुळांवर भारतीय ब्रॉडगेजचा डबा ठेवला की तो पाय जवळ घेऊन उभा राहिल्यासारखा दिसतो. नॅरोगेजचं उलट. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि एन गेजचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे. पाव मिलिमीटरचा फरक कुणाच्या बापाला दिसत नाही. त्या रुळांचे स्लीपर तेवढे फार जवळजवळ आणि आखूड असतात. ते मी अर्धेअधिक मुरुमात पुरून टाकले. खरी लाइनसुद्धा ठिकठिकाणी मातीत आणि गवतात बुडालेलीच असायची.

माती खरी वापरावी की नाही, यावर या छंदातली माणसं हिरीरीने भांडतात. मी खरी वापरतो. कुर्डूवाडीकडून आणलेली काळी माती उन्हात तापवायची, चहाच्या गाळणीतून आणि मग जुन्या धोतराच्या तुकड्यातून चाळायची. त्यानंतरची पायरी पुस्तकात वाचून नीट पटत नाही, करून बघावी लागते. कागदावर माती पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवायचं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात लोहयुक्त खनिज भरपूर, त्यामुळे चुंबकाला चांगली दाढी फुटते. हे कण लेआउटवर राहिले तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते वर ओढून घेतं आणि एक दिवस इंजिन घरघरून थांबतं. शिवाय काळी माती फेव्हिकॉलच्या पाण्याने भिजली की वाळल्यावरही मूळच्या रंगाला येत नाही, गडदच राहते. म्हणून तिच्यात आधीच थोडी खडूची भुकटी मिसळतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला नाही तर डिंकपाणी मातीवर गोळ्या होऊन गडगडत राहतं, आत मुरत नाही.

स्टेशनची इमारत, फलाट, माती, झाडं एवढं झालं की लेआउट तयार दिसतो. अनेक जण तिथे थांबतात, आणि थांबायला हरकतही नाही. बारीकसारीक वस्तूंचं काम त्यापुढे सुरू होतं आणि त्यात सगळ्यात मोठा धोका हौसेचा. हातगाडी केली, ठेव कुठेतरी. पोती केली, रच भिंतीला. सायकल जमली, लाव फाटकाशी. थोड्या दिवसांत स्टेशनचं भंगाराचं दुकान होतं. वस्तू उत्तम असतात, पण त्या तिथे कुणी आणून ठेवल्या ते कळत नाही.

आमच्या सोसायटीत एक काका राहतात. त्यांची निम्मी नोकरी नॅरोगेजवर सांधेवाला म्हणून गेली. एकदा ते लेआउट बघायला आले. इंजिनाकडे त्यांनी पाहिलंही नाही. डोळ्यांना चष्मा, चष्म्यावर माझं भिंग, आणि बराच वेळ कडुनिंबाच्या झाडाकडे बघत राहिले.

"किती वाजलेत इथं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे, काका?"

"अहो, बाक झाडाच्या पश्चिमेला ठेवलाय तुम्ही. सकाळ आहे का? सकाळ असेल तर स्टेशन मास्तरांच्या खिडकीत ऊन पाहिजे, पडदा टाकलेला पाहिजे. आम्ही दुपारी जेवणं झाली की बाक ओढून पलीकडं न्यायचो. सावली फिरेल तसा बाक फिरायचा."

त्या दिवसापासून निंबेवाडीत चैत्रातली दुपारचे चार ही वेळ पक्की झाली, आणि खरं सांगायचं तर निम्मं काम तिथेच सोपं झालं. चार वाजलेत म्हणजे बाक झाडाच्या पूर्वेला. तो ओढत नेलाय म्हणजे मुरुमावर दोन समांतर ओरखडे. ते टाचणीने ओढले. बाकाच्या फळ्या व्हिजिटिंग कार्डाच्या. साध्या कार्डाची जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे खऱ्या मापात इंचभर जाडीची फळी, आयती. सहा फुटांचा बाक एकवीस मिलिमीटरांचा झाला. बसायची फळी मधोमध किंचित फिकट केली, कारण माणसं मधे बसतात आणि रंग तिथला आधी जातो. बाकाखाली कुत्रं आहे. ते एम-सीलचं. कणकेसारखी मळून घेतलेली एम-सील साधारण अर्धा तास ऐकते, तेवढ्यात शेपटीपर्यंत पोचायचं.

रांजण झाडाच्या बुंध्याशी आहे. आकार मोहरीच्या दाण्यांवरून सुचेल असं वाटतं, पण मोहरी या मापात तांब्याएवढी होते. रांजणाला वाटाण्याहून लहान असा साडेसहा-सात मिलिमीटरचा लाकडी मणी बरा. मण्याचं भोक हेच रांजणाचं तोंड. त्यावर झाकणी म्हणून पंचने पाडलेला कार्डाचा गोल तुकडा. हे सगळं दहा मिनिटांचं काम. पण लोक भिंगातून बघताना थांबतात ते रांजणाशी नाही, रांजणाखालच्या ओलीशी. पाणी पिणारा माणूस तांब्यातलं उरलेलं पाणी तिथेच भिरकावतो, त्यामुळे जमीन कायम गडद, कडेला थोडं हिरवं. गडद तपकिरी रंग पातळ करून दोन हात दिले, आणि अगदी मधल्या भागात चकचकीत व्हार्निशचा एक थेंब. कडा मुद्दाम वेड्यावाकड्या, कारण पाणी गोल सांडत नाही. तिकीट खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात विटकरी रंगाचा फराटा आहे. तो कशाचा, हे सांगावं लागत नाही. पानाची पिंक हा भारतीय स्टेशनचा सगळ्यात स्वस्त तपशील आहे आणि तोच सगळ्यात जास्त जणांकडून राहून जातो.

माणसांचा प्रश्न अवघड. या मापातल्या मूर्ती प्रामुख्याने जर्मन कंपन्यांच्या. प्रायझरच्या मूर्ती तर फारच सुबक, पण सगळ्यांच्या अंगात कोट आणि डोक्यावर हॅट. पाच फूट पाच इंचाचा माणूस इथे एकोणीस मिलिमीटरचा. हॅटची कड ब्लेडने उडवायची आणि उरलेल्या टेकाडाला दोन्ही बाजूंनी दाबून घासलं की गांधी टोपी होते. कोटाची कॉलर घासून काढायची, खाली टिश्यू पेपरचं धोतर. टिश्यू पेपरचे पदर सुटे होतात. त्यातला एकच पदर घ्यायचा, पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून चिमट्याने मूर्तीवर टाकायचा आणि ओला असतानाच सुईने चुण्या पाडायच्या. नऊवारीही तशीच, पण तिथे कासोटा मागे ओढून घेताना कागद फाटतो, म्हणून कागद फेव्हिकॉल अर्धवट सुकल्यावर ओढावा. माझ्याकडे सध्या एक बाई आहे, डोक्यावर बोचकं, आणि तिच्या पाठीमागे टाळ घेतलेले दोन म्हातारे. आषाढीच्या गर्दीचं स्टेशन करायचा मोह या लाइनवर प्रत्येकाला होतो. मी तो टाळला. गर्दीच्या चित्रात ओरखडे, ओल, काही दिसत नाही.

स्टेशनची पिवळी पाटी मात्र छापलीच पाहिजे, हाताने लिहायला जाऊ नये. खरं अक्षर फूटभर उंच धरलं तर इथे साडेतीन मिलिमीटर. चांगला लेझर प्रिंटर ते कोरल्यासारखं छापतो. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीसुद्धा भिंगाने वाचता येते. छापलेली पाटी फार स्वच्छ असते, म्हणून तिच्यावरून अगदी पातळ मातकट रंगाचा हात फिरवायचा आणि खालच्या कडेला जरा जास्त. पावसात चिखल खालून उडतो.

काही गोष्टी करायच्या नसतात. तारायंत्राचे खांब केले, चिनी मातीच्या पांढऱ्या चिमण्यांसकट केले, तारा ओढल्या नाहीत. तार हिशेबाने ०.०३ मिलिमीटरची येते, केसापेक्षा बारीक. बाजारातला बारीकात बारीक दोरा ओढला तरी दोरखंड बांधल्यासारखं दिसतं. खांब रांगेत उभे असले की बघणाऱ्याला तारा दिसतातच.

या कामाला जुनी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम गावी पेंडन संग्रहालय आहे. १९५४ मध्ये रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियाहून आलेल्या माणसाने ते सुरू केलं. आजूबाजूची गवती छपरांची गावं झपाट्याने बदलताना दिसली, म्हणून त्याने १:७६ मापात ती घराघरानिशी करायला घेतली. पुठ्ठ्याच्या भिंती, परसातला भाजीपाला, सगळं हाताने केलेलं. जॉन अहर्नचं मॅडर व्हॅली हे लेआउटही तिथेच जपून ठेवलंय. रुळांइतकंच रुळांकाठचं गाव मनापासून करावं, हे ज्यांच्या कामातून लोक शिकले त्यांत अहर्नचं नाव वर आहे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे गाड्या धावताना पाहायला मुलं जातात, मोठ्यांनी भिंगही घेऊन जावं.

पेंडनला जे सोपं गेलं ते आपल्याला अवघड जातं. त्यांची घरं समोर उभी होती, मोजून घेता आली. बार्शी लाइटची छोटी स्टेशनं आता नाहीत किंवा ओळखू येत नाहीत. इंजिनांचे फोटो भरपूर मिळतात. लीड्सच्या किटसन कारखान्याची आठ चाकं जोडलेली इंजिनं परदेशी हौशी मंडळींनी सगळ्या बाजूंनी टिपून ठेवली आहेत. पण तिकीट खिडकीची जाळी कशी होती, रांजणाचा कट्टा दगडी होता की विटांचा, दिव्यांच्या खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडायचं, हे कुणी टिपलं नाही.

ते आहे घरगुती अल्बमात. मामाच्या गावाला निघालेली चार मुलं, बदलीवर निघालेले मास्तर, पंढरपूरहून परतलेली आजी, आणि मागे जरा धूसर एक भिंत. तुमच्या घरी असा फोटो असेल तर तो मोबाइलवर न टिपता स्कॅनरवर निदान ६०० डीपीआयला स्कॅन करा, आणि मागे पेन्सिलीने स्टेशनचं नाव आणि अंदाजे साल लिहा. माणसांची नावं तर लिहाच. कडेचा भाग मात्र कापू नका.