केळ्यांच्या मुलखात पोटरीत गोळा

रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यातून ट्रक भरभरून केळी उत्तरेकडे जातात. २०१६ साली जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना याच बागांतून घड वाहणारा विशी-पंचविशीचा मजूर संध्याकाळी घरी येतो आणि जेवायला मांडी घालताच पोटरी धरून कळवळतो. 'पायमा गोया उना' म्हणायचा अवकाश, सल्ला ठरलेला असतो: केळं खा, पोटॅशियम कमी पडलं असेल.

सल्ला मायेचा आहे, पण हिशेब चुकतो. एका लिटर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जाते, म्हणजे जवळपास अडीच ग्रॅम मीठ; कुणाचे कमी, कुणाचे बरेच जास्त. पोटॅशियम जाते ते त्याच्या पाचव्या हिश्श्याइतके. मध्यम आकाराच्या केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते, सोडियम मात्र नावालाच. उन्हात अंगमेहनत करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. दिवसभर असा घाम गाळून वर नुसते माठातले पाणी पीत राहिले की शरीरातले उरलेसुरले मीठ आणखी पातळ होते. केळे पौष्टिक आहे, जरूर खावे. पण या माणसाला कमी पडले आहे ते मीठ.

हे शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आले होते. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या खोल, उष्ण कोळसाखाणींत साधे पाणी भरपूर पिणाऱ्या कामगारांना भयंकर गोळे येत. पाण्यात थोडे मीठ घातले की ते कमी होत. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत हूवर धरणाच्या बांधकामावर हार्वर्डच्या संशोधकांनी वाळवंटात राबणाऱ्या मजुरांची तपासणी केली. गोळे येणाऱ्यांच्या लघवीत मीठ जवळपास उतरतच नव्हते, कारण शरीर ते धरून ठेवायची धडपड करत होते. भुसावळच्या रेल्वेमार्गावर, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा धुळ्याच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या तरुणाचे शरीर याच नियमाने चालते.

याचे उत्तर खानदेशातल्या घराघरांत आहे. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, भाकरीबरोबर ठेचा. घाम फारच गेला असेल तर जलसंजीवनी: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाजारातले पाकीट आणले तर त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहावे आणि एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच घालावे; पेल्यात अर्धे पाकीट टाकून पिण्याची सवय चुकीची आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये. पुण्याच्या वसतिगृहातून सुट्टीला घरी आलेल्या मुलांनी पहिले आठ-दहा दिवस विशेष जपावे. उन्हाची सवय झाली की घामातून मीठ कमी जाऊ लागते, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. आणि गोळ्यांबरोबर माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. लगेच सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ला फोन करावा.

पण सगळे गोळे मिठाचे नसतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यांवर धावताना दिसतात. मुलांची १६०० मीटरची धाव पाच-सहा मिनिटांत संपते. तेवढ्यात शरीरातले मीठ संपत नाही. तरीही पोटरी धरून बसणारे दिसतातच. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी लांब पल्ल्याच्या शर्यतीतले स्पर्धक तपासले, तेव्हा गोळे आलेल्यांत आणि न आलेल्यांत क्षारांचा म्हणावा तसा फरक आढळला नाही. आपल्या नेहमीच्या कुवतीपेक्षा जोरात धावलेले आणि पूर्वी गोळे येऊन गेलेले, यांनाच ते अधिक आले होते. स्नायूला आकुंचन पावायला सांगणारा चेतातंतू आणि 'पुरे' म्हणणारी स्नायुबंधातली संवेदना यांचा तोल असतो. दमलेल्या स्नायूत 'पुरे' म्हणणारा लगाम सैल पडतो आणि स्नायू आवळतच जातो. तेव्हा या मुलांना औषधापेक्षा सरावाची शिस्त हवी. भरतीची तारीख जाहीर झाल्यावर एकदम दुप्पट धावणे हेच बहुतेकांच्या दुखण्याचे मूळ आहे, असे माझे ठाम मत आहे.

रात्री झोपेत येणारा गोळाही याच जातीचा. झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, पोटरी आधीच आखडलेली असते, आणि तेवढ्यात चेतातंतू पेटतो. आजी पायाचा अंगठा वर ओढते ते अगदी बरोबर आहे. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे नडगीकडे ओढावीत, किंवा उभे राहून टाच जमिनीवर दाबावी. ताणला की स्नायू सुटतो. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे घेऊन, त्याची टाच न उचलता पोटरी अर्धा मिनिट ताणावी. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा. सुवर्णपेढीत किंवा कापडाच्या दुकानात दहा-दहा तास उभे राहणाऱ्या मुलामुलींनी तर हे दिवसातून दोनदा करावे. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा सर्रास खप होतो, पण वयस्कर माणसांवर झालेल्या चाचण्यांतही त्यांचा फारसा उपयोग दिसला नाही. क्विनाइन तर या दुखण्यासाठी घेऊच नये. रक्तावर आणि हृदयावर होणाऱ्या घातक परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने तसा इशारा दिलेला आहे.

गोळे आठवड्यातून अनेकदा येत असतील तर रक्त तपासावे: थायरॉईड, कॅल्शियम, पोटॅशियम, ड जीवनसत्त्व. इतक्या उन्हाच्या मुलखात ड जीवनसत्त्व कमी कसे, असे वाटेल. पण दिवसभर दुकानात बसणाऱ्याला किंवा तोंडा-हाताला रुमाल गुंडाळून गाडी चालवणाऱ्या मुलीला ऊन लागते कुठे? मात्र साठ हजार युनिटची पुडी मनाने महिनोन्महिने घेऊ नये, जास्तीचे ड जीवनसत्त्व मूत्रपिंडाला इजा करते. लघवी वाढवणाऱ्या आणि दम्याच्या काही औषधांनीही गोळे येतात. व्यायामशाळेत पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असते.

आता मला सर्वांत काळजी वाटते ते सांगतो. खरा गोळा काही सेकंदांत, फार तर दहा मिनिटांत सुटतो आणि मागे ठणका ठेवून जातो. या वेळापत्रकात न बसणारे दुखणे गोळा म्हणून अंगावर काढू नये. ठरावीक अंतर चालले की पोटरी किंवा तळवा दुखतो, थांबले की दुखायचा राहतो, पुन्हा चालले की पुन्हा दुखतो; पाऊल गार पडते, बोटावरची जखम भरत नाही. विडी-सिगारेट किंवा तंबाखूची सवय असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला असे होत असेल तर तो बर्गरचा आजार असू शकतो. यात पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत जातात. तंबाखू पूर्ण सोडली तर पाय वाचण्याची आशा असते. रोज एकच विडी ओढत राहिले तरी बोटे कापावी लागू शकतात. आणि एकच पाय सुजून गरम झाला असेल, विशेषतः बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर तो चोळू नये. शिरेत रक्ताची गाठ असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते.

सातपुड्याच्या पायथ्याशी आणखी एक शक्यता धरावीच लागते. चोपडा, यावल, शिरपूर आणि शेजारच्या नंदुरबारमधल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. यातले दुखणे हाडांत, सांध्यांत असते आणि तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस टिकते. थंडी, ताप, दमणूक, कमी पाणी यांनी उफाळते. पाय चोळून ते जात नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट ठरवण्यात आले. तपासणी रक्ताच्या थेंबावर होते, आणि आजार निघाला तर हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने वेदनेचे झटके कमी करता येतात.

सिकलसेलचे नुसते वाहक असलेले तरुण एरवी धडधाकट असतात आणि भरतीला खुशाल उतरू शकतात. पण सवय नसताना कडक उन्हात जिवाच्या आकांताने धावल्यावर त्यांचे पाय एकाएकी लुळे पडू शकतात. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१० पासून आपल्या वरच्या गटातल्या खेळाडूंसाठी हीच तपासणी सक्तीची केली आहे. गोळ्यात पोटरी दगडासारखी कडक होते आणि मुलगा ओरडतो. वाहकाची पोटरी मात्र हाताला मऊ लागते आणि मुलगा काही न बोलता खाली बसतो. प्रशिक्षकाने त्याला 'ऊठ, अजून एक फेरी' म्हणू नये. धाव थांबवावी, सावलीत न्यावे, भानावर असेल तर पाणी द्यावे आणि थेट रुग्णालयात हलवावे.