हिवाळी बाग आणि आमचा एक बुडीत सौदा

पावसाळा सरला की आमच्या मालेगावच्या कापडबाजारात दिवाळीच्या मालाची धावपळ सुरू होते. नेमक्या त्याच दिवसांत घरामागच्या अंगणालाही हात लावावा लागतो. आमची जागा वीस बाय पंधरा फुटांची. तेवढ्यात हिवाळाभर मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो आणि वालपापडी निघते. व्यापाराच्या पानावर भाजीची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण बागेतही भांडवल असते, आणि ते आम्ही एकदा बुडवले आहे.

२०१९ साली ऑक्टोबरच्या सुरुवातीला चांगले ऊन पाहून आम्ही सगळे बी एकाच दिवशी टाकले. त्यात अम्मींच्या वालाचे बीही होते. त्या दरवर्षी शेंगा वेलावरच वाळवत, बी राखेत घोळून मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवत. आदल्याच वर्षी त्यांचा इंतकाल झाला होता. मग ऑक्टोबरअखेर तो अवकाळी पाऊस आला, ज्याने नाशिक जिल्ह्यात द्राक्षे, मका, कांदा सारे झोपवले. आमच्या चिकट काळ्या मातीत पाणी तुंबले आणि उगवलेले सगळे कुजले. मेथीचे बी दुसऱ्या दिवशी दुकानातून आणले. अम्मींचे बी कुठल्या दुकानातून आणणार? पेढीवर आम्ही सगळा माल एका दिवशी, एका भावाने कधी उचलत नाही. अंगणात ही अक्कल कुठे गेली होती, कोण जाणे!

तेव्हापासून रीत बदलली. पाऊस उघडला की माती खणून आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यायची. शेणखत पुरते कुजलेले, काळे, वास नसलेले हवे. ताज्या शेणाने हुमणी येते. जोडीला थोडी निंबोळी पेंड. वाफे चार-सहा बोटे उंच करायचे, म्हणजे पाणी निघून जाते. मेथी-कोथिंबीर दर दहा दिवसांनी एकेक पट्टा टाकायची. धने चोळून दोन फाकी करावेत आणि रात्रभर भिजवावेत. मेथी चार-पाच दिवसांत डोके काढते, धने दहा-बारा दिवस लावतात. तेवढ्यात माती उकरून पाहू नये. (आमच्या घरी हे पाहणे अजून थांबलेले नाही.) टोमॅटोची रोपे महिनाभराची झाली की लावावीत. वाफ्यात असताना जास्त पाणी दिले तर ती बुडाशी कुजून कोलमडतात. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात उरकावी, मोगऱ्याचे पाणी कमी करावे.

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री चांगल्याच गारठतात. कोवळ्या रोपांवर कामट्या वाकवून पातळ सुती ग्रे कापड संध्याकाळी पांघरावे, सकाळी काढावे. प्लास्टिक नको, त्याला आतून पाणी सुटते. टोमॅटो बांधायला सुती चिंधी बरी. नायलॉनची सुतळी खोड कापते. कापडवाल्याला एवढे तरी फुकट मिळते.

२०२० च्या पावसाळ्यानंतर शेजारच्या भाभींनी भिंतीवरून मूठभर वालाचे बी दिले. अम्मींनीच ते कधीकाळी त्यांना दिले होते आणि त्या दरवर्षी लावत आल्या होत्या. आम्हाला पत्ताच नव्हता. आम्ही निम्मे पेरले, निम्मे पुरचुंडीत बांधले. आता शेंगा वाळल्या की थोडे बी भाभींकडे आणि थोडे आमच्या धाकट्या बहिणीकडे धुळ्याला जाते.