तुमच्या नावावर दुसऱ्याचे खाते : गप्प बसू नका, लेखी नाकारा

कापडाच्या कारोबारात भांडवलापेक्षा साख मोठी. सूत व्यापारी माल उधार सोडतो, दलाल सौदा जुळवतो, ते आपले नाव पाहून. आता हे नावच चोरले जाते. आधार आणि पॅन कार्डाच्या झेरॉक्सवर कोणी बँकेत खाते उघडतो, कोणी कर्ज उचलतो, तर कोणी जीएसटी नंबर काढून खोटी बिले फाडतो. मूळ मालकाला पत्ता लागतो तो नोटीस आल्यावर, नाहीतर बँकेने कर्ज नाकारल्यावर.

मालेगावचे प्रकरण आठवा. नोकरीच्या आशेने तरुणांनी कागदपत्रे दिली. त्यांवर एका सहकारी बँकेत खाती उघडून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरवले गेले, असा आरोप आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये अशाच एका तरुणाच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला आणि अंमलबजावणी संचालनालयाने छापे घातले. तोंड उघडले म्हणून प्रकरण बाहेर आले, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे इभ्रतीच्या भीतीने माणूस गप्प बसतो. कोणी म्हणतो, रक्कम लहान आहे, भरून टाका. हे मुळीच करू नये. भरलेला एक हप्ताही कर्ज कबूल केल्याचा पुरावा म्हणून पुढे केला जाऊ शकतो. आपली ढाल एकच : तारखेसह दिलेला लेखी इन्कार.

पहिले काम बँकेचे. ज्या बँकेत किंवा फायनान्स कंपनीत खाते निघाले, तिथे अर्ज द्यावा : "सदर खाते मी उघडलेले नाही, ते त्वरित गोठवावे." खाते उघडण्याचा फॉर्म, त्यावरील फोटो, सही व मोबाइल नंबर यांची नक्कल मागावी. अर्जाच्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय शाखेतून हलू नये.

दुसरे काम पोलिसांचे. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा नंबर आहे. ठाण्यात लेखी तक्रार देऊन गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा. नोंद न घेतल्यास तीच तक्रार स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवावी. दुसऱ्याची डिजिटल ओळख लबाडीने वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

तिसरे, कर्जाचा इतिहास तपासावा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा अहवाल मोफत मिळतो. अनोळखी कर्ज दिसल्यास हरकत नोंदवावी. 30 दिवसांत निकाल न लागल्यास पुढे दररोज 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून लागू झाला आहे.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे फी नाही, वकिलाची गरज नाही. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे.

व्यापाऱ्यांनी आणखी एक पाहावे. आपल्या पॅनवर किती जीएसटी नंबर निघाले आहेत, ते जीएसटीच्या पोर्टलवर दिसते. परका नंबर आढळल्यास तिथेच तक्रार करता येते.

खबरदारीही सोपी आहे. झेरॉक्स देताना त्यावर तारीख आणि कोणत्या कामासाठी दिली ते आडवे लिहून सही करावी. कारागिरांनी मुकादमाला किंवा एजंटाला कोरी सही, ओटीपी देऊ नये. आणि कमिशनच्या लालचीने आपले खाते दुसऱ्याला वापरायला देणारा फसलेला मानला जात नाही, गुन्ह्यात भागीदार ठरू शकतो. घरातल्या मुलांना हे बजावून सांगा.

दुकानाचा हिशेब आपण रोज रात्री मिळवतो. आपल्या नावाचा हिशेब वर्षातून एकदा तरी मिळवावा.