चामड्याचं वायसर

जुन्या एअर पिस्तुलाचा जीव चामड्याच्या एका वायसरात असतो. चाप ओढला की दबलेली स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्या तोंडावरचं हे खोलगट वायसर हवा कोंडून धरतं. तीच हवा छर्रा ढकलते. वणीचा मे महिना चामड्याला सोसत नाही. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या माझ्या पिस्तुलातलं वायसर कडक होऊन कडेला चिरलं होतं.

तसं तयार वायसर इथे मिळालं नाही. ते करू जाणणारे हात मात्र मिळाले. स्टोव्हच्या आणि सायकलच्या पंपातही हेच काम चामडं करतं. बाजारातल्या स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या काकांनी जाड चामड्याची चकती कापली, भिजवली, साच्यात दाबून वाळवली आणि बजावलं, "भाऊ, याले रातभर तेलात ठेवजा." सकाळी वरचं तेल मी निपटून पुसलं. ते महत्त्वाचं. दट्ट्याच्या नळकांड्यात जादा तेल राहिलं तर दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेतं, कडाडून आवाज होतो, धूर निघतो आणि त्या धक्क्याने स्प्रिंग खराब होते.

स्प्रिंग काढताना घाई नको. पिस्तूल ताणलेलं नसलं तरी ती थोडी दाबलेलीच असते. मागचं बूच एकदम सुटलं तर डोळा जाईल. कोळशाच्या ट्रकांची कामं करणाऱ्या लेथवाल्याने ते शिकंज्यात धरून हळूहळू सैल केलं. नळी जिथे दुमडते त्या सांध्यातली छोटी चकतीही बदलली. पोलादावरचा झिजलेला काळसर निळा रंग मात्र तसाच ठेवला. पॉलिश करून जुनी वस्तू नवी दाखवणं मला पटत नाही.

बोअर 4.5 मिलिमीटर आहे, हे आधीच तपासलं होतं. 2016च्या शस्त्र नियमांत परवान्यातून सूट मिळायला बोअर आणि ऊर्जा, दोन्हींना मर्यादा आहे. ऊर्जेची मर्यादा 20 जूल.

आता परसात 10 मीटरवर कार्ड लावतो, मागे जुन्या चिंध्यांनी ठासलेली लाकडी पेटी आणि तिच्यामागे भिंत. स्पर्धेच्या कार्डावर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं असतं. स्प्रिंगचं पिस्तूल छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच हातात उसळतं. मूठ आवळली की नेम बिघडतो; हलकी धरली आणि आवाजानंतरही क्षणभर माशीवरून नजर हलवली नाही, की छर्रे जवळजवळ बसू लागतात. छर्रा न भरता चाप कधी ओढत नाही, कारण हवेचा अडसर नसला की दट्ट्या नळकांड्याच्या टोकावर आदळतो आणि पहिला मार त्या वायसरालाच बसतो.