क्लिंगॉन भाषेत ‘क’ नाही!

‘स्टार ट्रेक’मधल्या लढवय्या परग्रहवासीयांना सारे जग क्लिंगॉन म्हणते. त्यांच्या स्वतःच्या भाषेत मात्र हा शब्द उच्चारताच येत नाही, कारण तिच्यात साधा ‘क’च नाही. ‘ग’ नाही, ‘स’ नाही, ‘श’ नाही, इंग्रजी ‘एफ’सुद्धा नाही. व्यंजने २१, स्वर फक्त ५. एवढ्यावर शेक्सपिअरचे अख्खे ‘हॅम्लेट’ या भाषेत उतरले आहे, आणि २०१८ पासून ती ड्युओलिंगोवर शिकताही येते.

ओठ आधी, शब्द नंतर

ही भाषा घडवली मार्क ओक्रँड या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी. त्यांनी पीएच.डी. केली ती कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर. १९८२मध्ये ऑस्कर सोहळ्याचे थेट कॅप्शन देण्याच्या कामासाठी ते लॉस एंजेलिसला गेले आणि तिथे ‘स्टार ट्रेक’वाल्यांशी गाठ पडली. त्यांच्यापुढे एक अडचण होती. दुसऱ्या चित्रपटातला एक प्रसंग इंग्रजीत चित्रित झाला होता, पण आता तो व्हल्कन या दुसऱ्या परग्रहवासीयांच्या भाषेत हवा होता. ओक्रँडनी पडद्यावरच्या ओठांच्या हालचाली पाहून त्यांवर बेतशीर बसतील असे ध्वनी जुळवले. हे काम इतके जमले की १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी त्यांच्याकडे क्लिंगॉन आली.

तिची सुरुवात मात्र अगदी कोरी नव्हती. १९७९च्या पहिल्या चित्रपटात क्लिंगॉनांच्या तोंडी मोजक्या ओळी होत्या आणि त्या रचल्या होत्या स्कॉटीची भूमिका करणाऱ्या जेम्स डूहान यांनी. ओक्रँडनी त्या ओळींतले ध्वनी पायाला घेतले.

पंगतीतले एकटे

आता खरी गंमत. आपली वर्णमाला डोळ्यांसमोर आणा. ट ठ ड ढ ण ही एक पंगत: जीभ त्याच जागी वळते, बदलतो तो श्वास आणि आवाजाचा घोष. माणसांच्या भाषा साधारण अशाच वागतात. जीभ एका जागी न्यायला शिकली की तिथून दोन-तीन ध्वनी तरी काढून घेते. क्लिंगॉनमध्ये ट-वर्गातला फक्त ‘ड’ आहे. ‘ट’ नाही, ‘ण’ नाही. तिचा ‘टी’ इंग्रजीसारखा, आपल्या ‘त’ आणि ‘ट’च्या मधला. त्या मधल्या जागेवर मग ‘डी’ नाही!

क-वर्गात तर याहून नवल. क, ख, ग, घ चारही गैरहजर आणि ङ मात्र हजर. तोही शब्दाच्या सुरुवातीला येऊ शकतो. आपल्याला ङ भेटतो ‘वाङ्मय’सारख्या शब्दांत किंवा ‘अंगण’मधल्या अनुस्वारात, त्याने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. क्लिंगॉन स्वतःच्या भाषेला ‘त्लिङान ख़ोल’ म्हणतात, आणि त्यात ङ दुसऱ्या अक्षराच्या अगदी आरंभी बसला आहे.

ओक्रँडनी हे ठरवून केले. क्लिंगॉनमधला एकही ध्वनी परग्रहावरचा नाही, प्रत्येक ध्वनी पृथ्वीवरच्या कुठल्या ना कुठल्या भाषेत आहे. परकेपणा आला तो कोणता ध्वनी घेतला आणि त्याचे सोबती कसे वगळले यातून. मला या भाषेतली सर्वांत हुशार गोष्ट हीच वाटते.

‘ष’ची परीक्षा

‘ड’ मराठी माणसाला फुकटात मिळतो. ज्या ध्वनीसाठी इंग्रजी अभिनेत्यांना जीभ टाळूकडे वळवायचा सराव करावा लागला, तो आपण ‘डबा’ म्हणताना सहज काढतो. ‘ष’ मात्र आपलीही परीक्षा घेतो. क्लिंगॉनला हवा आहे खरा मूर्धन्य ‘ष’, जीभ ‘ड’च्या जागी ठेवून काढलेला. आपण लिहितो ‘षटकार’ आणि बहुतेक जण म्हणतो ‘शटकार’. तेव्हा हा ध्वनी आपल्याला लिपीत सापडेल, तोंडात पुन्हा बसवावा लागेल.

उर्दू गझला ऐकणाऱ्यांची आणखी थोडी सोय आहे. ख़, ग़ आणि क़ हे तिन्ही ध्वनी क्लिंगॉनमध्ये आहेत. शिवाय एक चौथा आहे: क़ आणि खरखरीत ख़ एका दमात बाहेर काढलेला. रोमन लिपीत क़साठी लहान ‘क्यू’ आणि या चौथ्यासाठी मोठा ‘क्यू’ वापरतात. दोन्ही वेगळी अक्षरे, अदलाबदल केली तर शब्दच बदलतो. मोठी अक्षरे मुळात अभिनेत्यांसाठी योजली होती: इथे थांबा, हा ध्वनी तुमच्या इंग्रजीतला नाही. ऱ्हस्व ‘इ’सुद्धा मोठ्या ‘आय’नेच लिहितात. छापताना तो लहान ‘एल’सारखा दिसतो आणि नवशिक्यांची हमखास गल्लत होते.

टोमॅटोची गळलेली शेपटी

‘त्लिङान’मधला पहिला ध्वनी सर्वांत अवघड. जिभेचे टोक ‘त’सारखे वर टेकवायचे आणि हवा समोरून न सोडता जिभेच्या दोन्ही कडांनी जोरात फेकायची. पृथ्वीवर हा ध्वनी नव्हाहो भाषेत आहे आणि मेक्सिकोतल्या नाहुआत्लमध्येही. ‘टोमॅटो’ हा शब्द नाहुआत्लमधल्या ‘तोमात्ल’वरून आला. स्पॅनिश लोकांना ते शेवटचे ‘त्ल’ पेलले नाही, त्यांनी ‘तोमाते’ केले. ॲव्होकॅडोचेही मूळ नाव ‘त्ल’नेच संपायचे.

‘प’ म्हणताना हवेचा फुत्कार जोरदारच हवा. समोरच्याच्या अंगावर थोडे तुषार उडाले तरी क्लिंगॉनांची हरकत नसते, असे ओक्रँड यांच्या १९८५च्या शब्दकोशातच सांगितले आहे.

स्वराने सुरू होणारा एकही शब्द या भाषेत नाही. व्यंजन नसेल तिथे घसा क्षणभर बंद करून उघडायचा. लहान मुलाला ‘अं-अं, हात नको लावू’ म्हणताना मध्ये होतो तसा. हा झटका पूर्ण व्यंजन मानला जातो. २०१०मध्ये हेगला क्लिंगॉन ऑपेरा रंगमंचावर आला. त्याच्या नावात एकच ‘उ’ आहे, अलीकडे एक झटका आणि पलीकडे एक.

इतर कारागीर

‘अवतार’ चित्रपटातली नावी भाषा पॉल फ्रोमर यांची. तिच्यात ब, ड, ग नाहीत. त्याऐवजी जॉर्जियन आणि अम्हारिकसारखे, घसा बंद ठेवून नुसत्या तोंडातल्या हवेने फोडलेले प, त, क आहेत. तोकी पोना ही आणखी एक घडवलेली भाषा अवघ्या १४ ध्वनींवर चालते. एकोणिसाव्या शतकातल्या व्होलाप्यूक या कृत्रिम भाषेचे कर्ते, जर्मन धर्मगुरू श्लायर यांना वाटले, चिनी लोकांना ‘र’ जड जाईल, म्हणून त्यांनी तो जवळपास हद्दपार केला. इंग्रजी ‘वर्ल्ड’चे ‘व्होल’ झाले ते यामुळे. ‘ओ’ आणि ‘उ’ची ओठ मुडपून काढलेली जर्मन रूपे मात्र त्यांनी जशीच्या तशी ठेवली!

प्लमर यांचा कान

क्लिंगॉनला आकार ओक्रँड यांच्या टेबलावर जितका मिळाला, तितकाच सेटवरही. अभिनेता चुकला आणि ती चूक कानाला पुरेशी क्लिंगॉन वाटली, तर ओक्रँड तीच पक्की करत. १९९१च्या सहाव्या चित्रपटात ख्रिस्तोफर प्लमर जनरल चँग झाले होते. त्यांना हॅम्लेटच्या सर्वांत प्रसिद्ध स्वगताचा आरंभ, ‘टू बी ऑर नॉट टू बी’, क्लिंगॉनमध्ये म्हणायचा होता. या भाषेत ‘असणे’ हे क्रियापदच नाही, म्हणून ओक्रँडनी आधी ‘जगणे’ या अर्थाचे ‘यिन’ सुचवले. प्लमर रंगभूमीवर शेक्सपिअर गाजवलेले नट; त्यांच्या कानाला ते मवाळ वाटले. मग ओक्रँडनी ‘चालू राहणे’ या अर्थाचे ‘ताख़’ दिले, शेवटी घशातून घासत येणाऱ्या ख़सकट. ते प्लमर यांना पटले, आणि पुढे छापल्या गेलेल्या क्लिंगॉन ‘हॅम्लेट’मध्येही तेच क्रियापद राहिले.