नेटवर्कवरील लॉजिक अ‍ॅनालायझरचे पायथनद्वारे नियंत्रण

लॉजिक अ‍ॅनालायझर हे उपकरण अंकीय परिपथातील अनेक वाहिन्यांवरील ० व १ या अवस्था एकाच वेळी टिपते. ऑसिलोस्कोप विद्युतदाबाचा आकार दाखवतो. येथे मात्र महत्त्व क्रमाला असते. ह्यूलेट-पॅकार्डच्या १६५००सी या जुन्या यंत्रालाही नेटवर्क जोडणीची सोय होती. अशा यंत्राचा फ्लॉपी ड्राइव्ह निकामी झाला तरी मोजमापे बाहेर काढण्याचा हा मार्ग शिल्लक राहतो. प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

उपकरणाशी होणारा संवाद साध्या अक्षरांतील आज्ञांनी चालतो. आयईईई ४८८.२ या १९८७ च्या मानकानुसार ‘*आयडीएन?’ ही आज्ञा पाठविली असता उत्पादक, प्रारूप, अनुक्रमांक व अंतर्गत आज्ञावलीची आवृत्ती ही चार पदे स्वल्पविरामांनी विभागून परत येतात. पायथनमध्ये टीसीपी सॉकेट उघडून हे काम चार-पाच ओळींत होते. येथवर अडचण काहीच नाही.

खरी अडचण नमुने वाचताना येते. मजकुराचे उत्तर ओळ संपेपर्यंत वाचले की पुरते. परंतु नमुने द्विमान रूपात असतात आणि ओळसमाप्तीचे चिन्ह म्हणजे १० या मूल्याचा बाइट, जो नमुन्यांतही येऊ शकतो. तेथेच वाचन थांबले तर विदा तुटते आणि कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. म्हणून मानकाने विदेपूर्वी शीर्षक ठेवले आहे. ‘#८०००३२७६८’ यातील ८ हा अंक पुढे लांबीचे आठ अंक असल्याचे सांगतो; त्यानंतर ३२,७६८ बाइट येतात. टीसीपी हा अखंड प्रवाह असल्याने एका वाचनात सर्व बाइट मिळतीलच असे नाही. संख्या पूर्ण होईपर्यंत आवर्तन चालवावे लागते. शेवटी उरलेले ओळसमाप्तीचे चिन्हही वाचून टाकावे, अन्यथा ते पुढील उत्तराच्या आरंभी चिकटते.

ट्रिगरची अट पूर्ण झाली नाही तर उत्तरच येत नाही. त्यासाठी कालमर्यादा घालणे योग्य. मात्र ती फार अल्प असल्यास आधीच्या प्रश्नाचे उशिरा आलेले उत्तर पुढच्या प्रश्नाचे समजले जाते. कालमर्यादा ओलांडल्यावर सॉकेट बंद करून पुन्हा उघडणे हाच सुरक्षित उपाय होय.

अशा साध्या सॉकेटला बहुधा परवलीचा शब्द नसतो. तेव्हा उपकरण महाविद्यालयाच्या सर्वसाधारण नेटवर्कवर न ठेवता स्वतंत्र स्विचवर ठेवणेच इष्ट ठरते.